राजाला बजावलेली 'कारणे दाखवा' नोटीस

कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "लॉक, माँतेस्क्यू, रूसो, बेकारिया ही नावं आणि त्यांची पुस्तकं आम्ही पाठ करतो. पण राजे तर कर्जामुळे, महागाईमुळे, युद्धामुळे पडले. मग या तत्त्वज्ञांनी आधुनिक सरकार घडवलं, हे खरं आहे का? खरं असेल, तर पुस्तकातला विचार सरकारात नेमका शिरतो कसा?"

मी एकतीस वर्षं फौजदारी वकिली करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षं संध्याकाळी संविधानाचा इतिहास शिकवत आलो आहे. त्यामुळे उत्तर कोर्टाच्या बाजूने देतो.

तुमच्या शंकेतला पहिला भाग बरोबर आहे. सोळाव्या लुईने १७८९ मध्ये इस्टेट्स-जनरल ही प्रतिनिधींची सभा बोलावली ती तिजोरी रिकामी झाली म्हणून. आदल्या वर्षीचं पीक गेलं होतं, पाव महागला होता. पॅरिसच्या बास्तीय तुरुंगावर चालून गेलेल्या गर्दीतल्या फारच थोड्यांनी रूसो वाचला असेल. राजा पुस्तकाने पडत नाही. पण राजा पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कोऱ्या कागदावर काय लिहायचं, हा प्रश्न उरतोच. तिथे पुस्तकं कामाला येतात. माझ्या मते 'विचारांचा प्रभाव' हा शब्द फार धूसर आहे. विचार कलमात उतरला का, आणि ते कलम हातात धरून एखादा सामान्य माणूस कोणाच्या दारात उभा राहू शकला का, एवढंच तपासावं.

अभ्यासक्रमात 'विवेक आणि हक्क' अशी जोडी एका दमात म्हणतात. मी ती मुद्दाम सोडवून घेतो, कारण इतिहासात त्या दोन गोष्टी पुष्कळदा वेगवेगळ्या आल्या आहेत. विवेकाची मागणी अशी, की सत्तेने आपल्या कृतीचं कारण दिलं पाहिजे. आपल्या कचेऱ्यांमध्ये 'कारणे दाखवा' नोटीस निघते ना, तशी नोटीस या लोकांनी राजाला बजावली. हक्काची मागणी त्याच्या पुढची आहे : कारण कितीही चांगलं असलं, तरी एका रेषेपलीकडे सत्तेला पाऊल टाकता येणार नाही. पहिली मागणी एखादा शहाणा राजा स्वतःहून मान्य करू शकतो. दुसरी कोणताही राजा आपखुशीने मान्य करत नाही.

पहिलीचं मी नेहमी देत आलेलं उदाहरण मिलानचं आहे. १६३० मध्ये त्या शहरात प्लेग आला. भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवला, असा आळ पियाझ्झा नावाच्या आरोग्य खात्यातल्या माणसावर आणि मोरा नावाच्या न्हाव्यावर आला. दोघांचा छळ केला, छळात त्यांनी 'कबूल' केलं, आणि त्या कबुलीवर त्यांना हाल करून मारलं. मोराचं घर पाडून तिथे एक स्तंभ उभारला, 'कलंकाचा स्तंभ'. पुढे चेझारे बेकारिया त्याच शहरात वाढला, तेव्हा तो स्तंभ अजून उभा होता. तो पाडला गेला थेट १७७८ मध्ये.

बेकारियाचं गुन्हे आणि शिक्षा यांवरचं छोटंसं पुस्तक १७६४ मध्ये लिव्होर्नोहून निघालं, लेखकाच्या नावाशिवाय. त्याचं वय तेव्हा सव्वीस. त्याचा मित्र अलेस्सांद्रो वेर्री याच्याकडे मिलानच्या कैद्यांची गाऱ्हाणी ऐकण्याचं काम होतं, त्यामुळे तुरुंगात काय चालतं हे त्या मित्रमंडळींना जवळून कळत होतं. बेकारियाचा छळाविरुद्धचा युक्तिवाद मला आजही कुठल्याही निकालपत्रापेक्षा स्वच्छ वाटतो. तो दयेची याचना करत नाही, हिशेब मांडतो. छळात टिकतो तो दणकट माणूस, मोडतो तो अशक्त. म्हणजे या पद्धतीने दणकट गुन्हेगार सुटणार आणि अशक्त निरपराध लटकणार. सत्य शोधण्याचं साधन म्हणून ती निकामी आहे. शिक्षेचंही तसंच : गुन्हा रोखते ती शिक्षेची खात्री, तिचं क्रौर्य नव्हे. शिक्षा कायद्याने आधी ठरलेली असावी, लवकर व्हावी, गुन्ह्याच्या प्रमाणात असावी आणि त्या परिस्थितीत शक्य तितकी कमी असावी.

पुस्तक युरोपभर गेलं. फ्रेंच भाषांतर झालं, १७६६ मध्ये व्होल्तेरने त्यावर भाष्य लिहिलं. त्याला तूलूझच्या जाँ कालासचं प्रकरण जिव्हारी लागलेलं होतं. मुलाचा खून केल्याच्या आरोपावरून या प्रोटेस्टंट कापडव्यापाऱ्याला १७६२ मध्ये चाकावर हाडं मोडून मारलं होतं, आणि १७६५ मध्ये तो निर्दोष असल्याचं जाहीर करावं लागलं. त्याच १७६६ साली चर्चने बेकारियाचं पुस्तक निषिद्ध यादीत टाकलं. आणि तस्कनीच्या लिओपोल्ड नावाच्या ग्रँड ड्यूकने ३० नोव्हेंबर १७८६ रोजी नवी दंडसंहिता काढून छळ आणि देहदंड दोन्ही रद्द केले.

इथे विद्यार्थी टाळ्या वाजवतात. मी त्यांना पुढचं पान उलटायला सांगतो. दंगे झाल्यावर १७९० मध्ये काही गुन्ह्यांसाठी तस्कनीत देहदंड परत आला. ज्याने दिलं त्यानेच काढून घेतलं, आणि 'असं करता येणार नाही' म्हणण्याची जागा कोणाकडेही नव्हती. लिओपोल्ड चांगला राज्यकर्ता होता. त्याने कारणं ऐकली. पण त्याच्या प्रजेकडे हक्क नव्हता, त्याची मर्जी होती.

आता लॉककडे येतो. राजाची सत्ता आदमपासून बापाकडून मुलाकडे आलेल्या अधिकारासारखी आहे, असं रॉबर्ट फिल्मरने मांडलं होतं. लॉकने त्याला उत्तर दिलं, की सरकार म्हणजे विश्वस्त मंडळ. लोकांनी जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळण्यासाठी ते नेमलं. विश्वस्तानेच अपहार केला, तर लोक त्याला काढू शकतात. सार्वजनिक न्यासाच्या भानगडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पुस्तक १६८९ च्या अखेरीस बाहेर आलं, म्हणून ते आदल्या वर्षीच्या इंग्लिश क्रांतीचं समर्थन मानलं जाई. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग आधीच, दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, धरपकडीच्या छायेत लिहिलेला होता. १६८३ मध्ये लॉकला हॉलंडला पळावं लागलं. पुस्तक आपलं आहे हे त्याने मृत्युपत्रात कबूल केलं. या माणसांना आपल्या शब्दांची किंमत माहीत होती.

त्याच लॉकचा हात १६६९ च्या कॅरोलायना वसाहतीच्या घटनेच्या मसुद्यालाही लागला होता. तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या निग्रो गुलामांवर पूर्ण सत्ता दिलेली आहे. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या कंपनीत त्याचे पैसेही होते. हे झाकून लॉक शिकवू नये. पण म्हणून लॉक मोडीतही काढू नये, आणि त्याचं कारण मॅसॅच्युसेट्समध्ये आहे.

शेफील्ड नावाच्या गावी जॉन अ‍ॅश्ले हा बडा जमीनदार राहत असे. जानेवारी १७७३ मध्ये गावातल्या प्रतिष्ठितांनी त्याच्या घरी बसून ब्रिटिश संसदेविरुद्ध एक ठराव लिहिला, की माणसं निसर्गतः समान, मुक्त आणि स्वतंत्र आहेत. शब्द सरळ लॉकच्या घरातले. त्या बैठकीत थिओडोर सेजविक नावाचा तरुण वकील होता. आणि त्या घरात बेट नावाची एक गुलाम स्त्री राबत होती. १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्सची राज्यघटना झाली, तिचा मसुदा मुख्यतः जॉन अ‍ॅडम्सचा. तिच्या पहिल्याच कलमात आलं : सर्व माणसं जन्मतः मुक्त आणि समान आहेत. बेट त्या सेजविककडे गेली, 'सर्व माणसांत' मी येते की नाही हे कोर्टाला विचारायला. ऑगस्ट १७८१ मध्ये ज्यूरीने निकाल दिला, की ती अ‍ॅश्लेची गुलाम नाही. वर तीस शिलिंग भरपाई. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतलं. १७८३ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात सरन्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितलं, की गुलामगिरी या घटनेशी विसंगत आहे. १७९० च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात गुलामांची संख्या शून्य आहे.

वाक्य लिहिणाऱ्यांच्या मनात बेट नव्हती. ते वाक्य सर्वसामान्य भाषेत होतं, घटनेत होतं, आणि कोर्ट उघडं होतं. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा तत्त्वज्ञान एका बाईच्या कामी आलं. याउलट फिलाडेल्फियात १७८७ मध्ये झालेल्या संघराज्याच्या घटनेने गुलामगिरीला सोय करून दिली. प्रतिनिधित्व मोजताना गुलाम तीनपंचमांश धरला. जेफरसनने लिहिलेल्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं समतेचं वाक्य तिथेही सर्वांना तोंडपाठ होतं. पण ते जाहीरनाम्यात होतं, कलमात नव्हतं.

माँतेस्क्यूबद्दल थोडक्यात, कारण त्याच्यावर तुम्हाला भरपूर टिपणं मिळतील. हा बोर्दोच्या न्यायपीठावरचा माणूस. १७२९ ते १७३१ इंग्लंडमध्ये राहिला आणि १७४८ च्या ग्रंथात त्याने लिहिलं, की कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे हात वेगळे असल्यामुळे तिथे स्वातंत्र्य टिकतं. गंमत अशी, की तो इंग्लंडमध्ये होता तेव्हा पंतप्रधान वॉल्पोल संसदेच्या कॉमन्स सभागृहात बसूनच सरकार चालवत होता. कायदेमंडळ आणि कार्यकारी मंडळ तिथे एकमेकांत विणलं जात होतं. म्हणजे इंग्लंडचं त्याने काढलेलं चित्र पुरतं खरं नव्हतं. तरीही अमेरिकन घटनेचा शिल्पकार मॅडिसन याने त्याच चित्राचा आधार घेतला. अध्यक्ष वेगळा, काँग्रेस वेगळी, कोर्ट वेगळं अशी रचना उभी राहिली, आणि एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याने अडवावी ही तजवीज मॅडिसनने आपल्या डोक्याने घातली. आपल्या संविधान सभेने इंग्लंडची खरी पद्धत, म्हणजे संसदेला जबाबदार मंत्रिमंडळ, घेतली. माँतेस्क्यूचा धागा आपल्याकडे मुख्यतः न्यायसंस्थेच्या बाबतीत आहे. अनुच्छेद ५० पाहा : न्यायसंस्था कार्यकारी मंडळापासून वेगळी ठेवावी. कलेक्टरच न्यायनिवाडा करत असे ते दिवस ज्यांच्या आजोबांनी पाहिले, त्यांना या ओळीचं मोल कळतं.

फ्रान्सकडे मात्र नीट थांबायला हवं, कारण विचार कलमात उतरूनही हवेत कसा राहतो, हे तिथे दिसतं. २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा सतरा कलमांचा आहे. वाचताना लेखक ओळखू येतात. दुसऱ्या कलमात स्वातंत्र्य, मालमत्ता आणि जुलमाचा प्रतिकार, म्हणजे लॉक. सहाव्यात 'कायदा ही सामूहिक इच्छेची अभिव्यक्ती', म्हणजे रूसो. आठव्यात आधी केलेल्या कायद्याशिवाय शिक्षा नाही, नवव्यात दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, म्हणजे बेकारियाचा वारसा. सोळाव्यात, जिथे हक्कांची हमी नाही आणि सत्तांचं विभाजन नाही तिथे घटनाच नाही, म्हणजे माँतेस्क्यू.

पाच वर्षंही झाली नाहीत आणि १० जून १७९४ चा कायदा आला. क्रांतीच्या शत्रूंना वकील नाही. शिक्षा एकच, मृत्यू. पुराव्याची जागा ज्यूरीच्या अंतःकरणाच्या खात्रीने घेतली. पुढच्या सात आठवड्यांत एकट्या पॅरिसमध्ये तेराशेहून जास्त माणसांची डोकी उडाली. ज्या क्रांतिनेता रोबेस्पिएरच्या काळात हे झालं, त्यानेच ३० मे १७९१ रोजी देहदंड रद्द करा म्हणून सभेत भाषण केलं होतं. मी ते भाषण विद्यार्थ्यांना वाचायला देतो आणि वक्त्याचं नाव शेवटी सांगतो.

याचा दोष बरेच जण रूसोवर टाकतात. मला तो पूर्ण न्याय्य वाटत नाही. रूसोला प्रतिनिधींच्या हाती सत्ता देणंच मान्य नव्हतं. पण एक फट त्याच्या मांडणीत आहे. कायदा ही सर्वांचीच इच्छा असेल, तर त्या कायद्याविरुद्ध एकट्या माणसाने कोणाकडे जायचं? फ्रेंचांनी ही फट बुजवली नाही. कायद्याला आव्हान देता येईल असं कोर्ट त्यांनी ठेवलंच नाही. १७८९ चा जाहीरनामा प्रत्यक्ष बंधनकारक कायदा आहे, असं फ्रान्सच्या घटना परिषदेने, म्हणजे कायदे घटनेला धरून आहेत का हे तपासणाऱ्या संस्थेने, संस्था स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याच्या प्रकरणात १६ जुलै १९७१ रोजी धरलं. मध्ये एकशे ब्याऐंशी वर्षं गेली. अटक झालेल्या सामान्य माणसाला आपल्यावर लावलेला कायदा त्या जाहीरनाम्याविरुद्ध आहे असं म्हणण्याची वाट मिळाली ती २०१० मध्ये. आणि त्याच वर्षी, ३० जुलैला, पोलीस कोठडीत चौकशीच्या वेळी वकिलाची मदत न देणारे नियम घटना परिषदेने रद्दबातल ठरवले. आधार कोणता? नववं आणि सोळावं कलम. त्या दिवशी मी कोर्टातून घरी येऊन तो निर्णय वाचला आणि मला बेकारियाचा मोरा न्हावी आठवला.

स्त्रियांचा हिशेबही इथेच मांडायला हवा. ओलँप द गूझने १७९१ मध्ये जाहीरनाम्याची कलमन्‌कलम बदलून स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. स्त्रीला वधस्तंभावर चढण्याचा हक्क आहे, तर व्यासपीठावर चढण्याचाही असला पाहिजे, असं तिने म्हटलं. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला १९४४ मध्ये.

आता आपल्याकडे. माझं म्हणणं असं आहे, की भारतात विवेक आधी आला आणि हक्क त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. बेकारियाचा मोठा वारसदार जेरेमी बेंथम. त्याला सुबोध, क्रमवार, लेखी कायदे हवे होते. पण नैसर्गिक हक्कांना तो उंच बांबूंवर चढलेला मूर्खपणा म्हणत असे. त्याच विचाराच्या छायेत मेकॉलेने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, ती १८६० मध्ये मंजूर झाली. मद्रास इलाख्यात महसूल वसुलीसाठी आणि पोलीस तपासात लोकांचा छळ होतो, हे तिथल्या आयोगाच्या १८५५ च्या अहवालाने उघड केलं. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यातून बाद झाला. पुढे ते १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ झालं. आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ आहे. जगात फार कमी ठिकाणी पोलिसांपुढच्या कबुलीवर इतका सरसकट अविश्वास दाखवला आहे. इतका विवेक साहेबाने आपल्याला दिला.

पण तोच साहेब १८२७ चा मुंबईचा पंचविसावा रेग्युलेशनही हाताशी ठेवून होता. १८९७ मध्ये पुण्यात रँडचा खून झाल्यावर नातू बंधूंना त्याखाली उचललं आणि कोणताही खटला न चालवता डांबून ठेवलं. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला, १९०८ मध्ये पुन्हा, आणि त्यांना मंडालेला पाठवलं. दंडसंहिता तर्कशुद्ध होती. तर्कशुद्ध संहितेत १८७० मध्ये राजद्रोहाचं कलम १२४-अ घालायला कोणी अडवणारं नव्हतं, कारण अडवण्यासाठी लागणारा हक्क प्रजेला दिलेलाच नव्हता. स्वातंत्र्यावर सुंदर ग्रंथ लिहिणारा जॉन स्टुअर्ट मिल पस्तीस वर्षं लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता. मागासलेल्या समाजांना हे तत्त्व लागू नाही, असं त्याने त्याच १८५९ च्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे.

जोतीराव फुल्यांनी थॉमस पेन वाचला आणि प्रश्नाचं तोंडच फिरवलं. युरोपातले लेखक हक्क मागत होते ते राजाकडे. फुल्यांना दिसलं, की इथे माणसाचा गळा राजाच्या आधी शेजारी धरतो. १८७३ ची 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुढे २५ डिसेंबर १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी त्या सभेची तुलना व्हर्सायला भरलेल्या १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली, आणि परिषदेने माणसाच्या जन्मसिद्ध समतेचा जाहीरनामा मंजूर केला. कोणी याला उसनवारी म्हणेल. मी म्हणत नाही. व्हर्सायला पाण्याच्या तळ्याचा प्रश्न नव्हता. चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केलेला होता. तरी पाणी पिता येत नव्हतं. १९२७ च्या मार्चमध्ये पाणी प्यायलेल्यांना मार खावा लागला, मग दिवाणी दावा झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत १९३७ साल उजाडलं. सरकारी ठराव असूनही हक्क पाण्यापर्यंत पोचायला तेरा वर्षं लागली. आता संविधानाचा अनुच्छेद १५(२) वाचा. त्यात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते असे शब्द आहेत. लॉकच्या पुस्तकात 'विहीर' हा हक्काचा विषय नाही. तो महाडहून आला.

बाबासाहेबांनी स्वतः ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नाहीत, ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. परीक्षेत 'संविधानावर युरोपीय विचारवंतांचा प्रभाव' असं लिहिताना हे वाक्य विसरू नका. पण रचनेच्या बाबतीत त्यांनी फ्रान्सच्या चुकीतून नेमका धडा घेतला होता, असं मला वाटतं. ९ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटलं ते समतेच्या किंवा स्वातंत्र्याच्या कलमाला नव्हे. त्यांनी तसं म्हटलं ते आजच्या अनुच्छेद ३२ ला, म्हणजे हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याच्या वाटेला. जाहीरनामा आहे पण दार नाही, हा पॅरिसचा अनुभव. त्यांनी दार आधी बसवलं.

दारही पुरत नाही, हे १९७६ मध्ये कळलं. आणीबाणीत अटक झालेल्यांना हेबियस कॉर्पस, म्हणजे अटक कायदेशीर आहे का हे कोर्टाने तपासावं अशी मागणी, करता येईल का, या प्रश्नावर २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयातल्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी 'नाही' म्हटलं. एकट्या एच. आर. खन्ना यांनी 'हो' म्हटलं. इथे जर्मनीचं नाव घ्यावं लागतं. तिथल्या हिटलरपूर्व वायमार घटनेत हक्कांची यादी उत्तम होती, पण ती बाजूला ठेवण्याची सोयही त्याच घटनेत होती, आणि २८ फेब्रुवारी १९३३ च्या एका वटहुकुमाने ती वापरली गेली. म्हणून १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्याचं पहिलं वाक्य आहे, की मानवी प्रतिष्ठा अभंग आहे. आणि हे कलम दुरुस्तीनेही बदलता येत नाही. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कान्टचा विचार त्यांच्या न्यायालयाने त्यात भरला. एका कायद्याने अपहृत विमान दहशतवाद्यांनी शस्त्र म्हणून वापरलं तर ते पाडण्याची मुभा सरकारला दिली होती. ती न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केली, कारण आतले निरपराध प्रवासी इतरांना वाचवण्याचं साधन ठरतात. सरकारचं कारण चांगलं होतं. तरी रेषा ओलांडता आली नाही. वर मी विवेक आणि हक्क वेगळे केले ते यासाठी.

'बदलता न येणारं' ही कल्पना आपल्याकडेही आली. डीट्रिश कॉनराड या जर्मन प्राध्यापकांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं. तो युक्तिवाद वकिलांनी उचलला, आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात सात विरुद्ध सहा मतांनी, संसदेला दुरुस्तीनेही मोडता येणार नाही अशी संविधानाची 'मूलभूत चौकट' उभी राहिली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ठरवलं, की अनुच्छेद २० आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य जपणारा अनुच्छेद २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत. विसावा अनुच्छेद शब्दशः पाहा : नंतर केलेल्या कायद्याने आधीच्या कृत्याला शिक्षा नाही, आणि आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. १७६४ च्या त्या निनावी पुस्तकाची दोन प्रकरणं.

बाविसावा अनुच्छेद मात्र मला अस्वस्थ करतो. अटकेपासून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करणं आणि वकिलाचा हक्क त्यात आहे. बाबासाहेबांनी तो सप्टेंबर १९४९ मध्ये नव्याने आणला, अनुच्छेद २१ मधून 'योग्य प्रक्रिया' हे शब्द गेल्याची भरपाई म्हणून. पण प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवणंही, त्याच अनुच्छेदात बसली आहे. नातू बंधूंना उचलणाऱ्या रेग्युलेशनचा नातेवाईक आपल्या मूलभूत हक्कांच्या प्रकरणात राहतो, हे मला मान्य होत नाही, आणि विद्यार्थ्यांपुढे मी ते लपवत नाही.

तुम्हाला विचार सरकारात शिरताना पाहायचा असेल, तर एखाद्या सोमवारी तालुक्याच्या कोर्टात रिमांडच्या वेळी मागच्या बाकावर जाऊन बसा. आरोपीला आणतात, नाव विचारतात, आणि मग मॅजिस्ट्रेट विचारतात : "पोलिसांबद्दल काही तक्रार?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही साहेब." एकदा माझ्या एका अशिलाने काहीच न बोलता फक्त तळपाय वर करून दाखवला. मॅजिस्ट्रेटबाई तरुण होत्या, बदली होऊन नुकत्याच आलेल्या. त्यांनी लिहिणं थांबवलं, खुर्चीवरून उठून पुढे आल्या, पाहिलं, आणि जागेवर बसून सिव्हिल हॉस्पिटलला तपासणीचं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. रिमांडचा अर्ज त्यांनी त्यानंतर हातात घेतला.